बोर्डिंगाच्या दारात मुराळी

मला धुळ्याच्या मुलींच्या बोर्डिंगात घातलं तेव्हा माझं लग्न झालेलं नव्हतं, ही गोष्ट आमच्या गावाला कधी नीट पटलीच नाही. पोर घर सोडून परगावी राहायला गेली, तिथं एका बाईच्या धाकात राहते, तिच्या परवानगीशिवाय उंबरठा ओलांडत नाही, पहाटे उठून झाडलोट करते आणि सणाला माहेरी येते. आता याला सासर म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? माझी आई सुंदरबाई शेजारणींशी बोलताना सरळ 'झुंबरच्या सासरी' असंच म्हणून जायची आणि मग जीभ चावायची. मी तिच्यावर चिडायचे. चिडणं मला फार लवकर येतं. पुढं तीस वर्षं शाळेत मुलींना शिकवलं ते त्याच भांडवलावर.

ही गोष्ट एकोणीसशे एकोणचाळीसच्या आखाजीची. अक्षय्य तृतीयेला आमच्या खानदेशात आखाजी म्हणतात, आणि दिवाळी एक वेळ चुकली तरी चालेल पण आखाजी चुकता कामा नये, असा लेकीबाळींचा हट्ट असतो. सासरी नांदणाऱ्या मुली माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात आणि चार दिवस कुणाचं ऐकत नाहीत. मात्र मुलीनं आपलं आपण यायचं नसतं. माहेराहून न्यायला माणूस यावा लागतो, त्याला मुराळी म्हणतात. बाप स्वतः जात नाही, ते शोभत नाही. भाऊ जातो, नाहीतर गावातला एखादा भरवशाचा माणूस जातो.

आमच्या गावचा मुराळी ठरलेला होता, झुलाल आबा. गाव पारोळ्याच्या अलीकडं दोन कोसांवर, कपाशी आणि ज्वारीचं. आबाला पोटची मुलगी नव्हती, पण गावातल्या साऱ्या मुली आणायचं आणि परत पोचवायचं काम त्यानं तीस-पस्तीस वर्षांपासून स्वतःकडं घेतलेलं. धुळे-पारोळे रस्त्यावर गावोगावी त्यानं पोचवलेल्या लेकी नांदत होत्या, त्यामुळं वाटेत कुठंही गाडीचं चाक निखळलं तरी त्याला दोन माणसं हाकेला मिळत. फक्त एक पंचाईत होती. आमच्याकडची जुनी माणसं लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत. आबाला तर जवळजवळ प्रत्येक गावी लेक, म्हणजे अख्ख्या रस्त्यावर त्याला पाणी वर्ज्य. म्हणून तो गाडीला स्वतःचं मडकं बांधूनच निघायचा.

आमच्या घरात शब्द चाले तो चुडामण नानाचा, म्हणजे माझ्या थोरल्या काकाचा. माझ्या वडिलांनी, हिलालभाऊंनी, मला सातवीपर्यंत शिकवलं आणि मास्तरीण होण्याच्या एका वर्षाच्या वर्गासाठी धुळ्याला धाडायचं ठरवलं, तेव्हा नाना नाही म्हणाला नाही. त्यानं अट घातली. पोर एकटी प्रवास करणार नाही, आपल्या गावचा माणूस सोबत असेल तरच येईल-जाईल. आणि आखाजीला आपण मुराळी पाठवू, त्याच्यासोबत तिला धाडलं नाही तर त्याच आठवड्यात तिची ट्रंक घरी. मला तेव्हा हे निव्वळ अडाणीपणाचं वाटलं होतं. पण नानाच्या सख्ख्या बहिणीला सासरच्यांनी ओळीनं तीन आखाज्या माहेरी पाठवलं नव्हतं, आणि चौथ्या वर्षी ती गेल्याचाच निरोप आला होता. तेव्हापासून, जे घर आखाजीला मुलगी धाडत नाही त्या घरात काहीतरी काळंबेरं आहे, हे नानाच्या डोक्यात कायमचं बसलं होतं.

इकडं बोर्डिंगात अक्का. त्यांचं नाव यशोदाबाई, पण आम्ही अकराही मुली त्यांना अक्काच म्हणायचो. वय पस्तिशीच्या आत-बाहेर, अंगावर पांढरं पातळ, शिक्षण पुण्याचं, बोलणं इतकं स्वच्छ की शब्द जणू धुऊन वाळत घातलेले. त्या पुण्याच्याच असणार याबद्दल आमच्यात कुणाला शंका नव्हती. त्यांनी मुलींच्या प्रवासाचे अकरा नियम केले होते आणि रोज संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर ते आमच्याकडून म्हणवून घ्यायच्या. रेल्वेत बायकांच्याच डब्यात बसावं. अनोळखी माणसानं दिलेलं खाऊ नये. बापाचं आणि गावाचं नाव कुणी विचारलं तर गप्प बसावं. दिवेलागणीच्या आत मुक्कामी पोचावं. सातवा नियम सगळ्यांत लांब होता आणि तो म्हणताना मी नेहमी अडखळायचे. मुलीला न्यायला तोच माणूस येईल ज्याचं नाव प्रवेशाच्या दिवशी रजिस्टरात लिहिलेलं आहे, त्याच्याशिवाय किंवा अक्कांच्या स्वतःच्या सोबतीशिवाय मुलगी फाटकाबाहेर जाणार नाही, आणि गेली तर तिचं नाव कमी होईल.

हे नियम काही अक्कांनी हौसेनं केलेले नव्हते. त्या आधी दुसऱ्या एका गावी शिकवत असताना तिथल्या बोर्डिंगातून एक मुलगी 'मी हिचा मामा' म्हणणाऱ्या माणसाच्या स्वाधीन केली गेली होती, आणि तिसऱ्या दिवशी तिचं चाळिशीच्या बिजवराशी लग्न लागलं होतं. ती माझ्या वर्गातली होती, असं अक्का आम्हाला एकदाच म्हणाल्या. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही आणि आम्हीही काढला नाही.

माझ्या नावापुढं रजिस्टरात वडिलांनी एकच नाव लिहवलं होतं, ते म्हणजे स्वतःचं. पोर दुसऱ्या कुणाच्या हाती लागायला नको, हा त्यांचा विचार. विचार चांगलाच होता. फक्त आखाजीला बाप जात नसतो, हे त्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं नाही. दिवाळीला ते स्वतः आले, सही केली, मला घेऊन गेले. सगळं सुरळीत झालं आणि कुणालाच काही सुचलं नाही.

आखाजी परवावर आली. परीक्षेला त्यानंतर दहा दिवस होते, म्हणून अक्कांनी चारच दिवसांची सुटी दिली होती. दहा मुलींना त्यांचे त्यांचे रजिस्टरातले बाप-भाऊ येऊन घेऊन गेले. मी ट्रंकेतून कपडे काढून बोचकं बांधलं आणि खिडकीत बसले. नऊच्या सुमारास फाटकासमोर आमची दमणी, म्हणजे छपराची बैलगाडी, उभी राहिली. तिची ताडपत्री मी कोसावरून ओळखली असती. तीतून झुलाल आबा उतरला, नवं धोतर, लाल पागोटं, डोक्यावर सांजोऱ्यांची दुरडी. आदल्या दिवशी निघून त्यानं वाटेत फागण्याला मुक्काम केला होता.

मी धावत खाली गेले, पण आबानं माझ्याकडं बघितलंच नाही. मुलीच्या सासरी मुराळी आधी मुलीशी बोलत नाही. तो फाटकाबाहेर उभा राहिला आणि आत बोलावलं जाईपर्यंत तिथंच उभा राहिला. स्वयंपाकाच्या कुंदाबाईनं दोनदा 'या' म्हटल्यावर जोडे बाहेर काढून आत आला, ओसरीच्या अगदी कडेला टेकला, दुरडी पुढं सरकवली आणि अक्कांना लवून नमस्कार केला.

"राम राम, येहीनबाई. पोरले लेवाले उनू."

येहीन म्हणजे विहीण, आणि लेवाले उनू म्हणजे न्यायला आलो. मी दाराआडून हे ऐकलं आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. अक्कांनी मात्र चेहरा हलू दिला नाही. त्यांनी रजिस्टर उघडलं, नाव पाहिलं, आणि वडिलांची चिठ्ठी आहे का असं विचारलं. आबाला हा प्रश्नच कळला नाही. तीस-पस्तीस वर्षांत एकाही सासूनं त्याच्याकडं चिठ्ठी मागितली नव्हती. मुराळी स्वतः आला असताना चिठ्ठी कशाला, असं त्यानं मोठ्या नम्रपणे विचारलं.

मग अक्कांनी त्याची परीक्षाच घेतली. मुलीच्या आईचं नाव काय, मामाचं गाव कोणतं, तिच्या अंगावर काही खूण आहे का. आबानं सगळं सांगितलं. हनुवटीखालचा व्रण कोणत्या बाभळीवरून पडल्याचा आहे, तेही सांगितलं. आणि सासूबाई विचारतेच आहे तर सगळं सांगून टाकावं म्हणून तो पुढं सुरूच झाला. पोर उलट बोलते, तिची भाकरी एका बाजूला जाड होते, सकाळी दोन हाका मारल्याशिवाय उठत नाही. पण मनाची स्वच्छ आहे, तेवढं पोटात घालून सांभाळून घ्या. अक्का म्हणाल्या की यातलं सगळं त्यांच्या लक्षात आलेलं आहे. मी दाराआड दात खात उभी.

सगळं ऐकून झाल्यावर अक्कांनी रजिस्टर मिटलं.

"तुम्ही खरे आहात असं मला वाटतं," त्या म्हणाल्या. "पण नुसत्या वाटण्यावर मी मुलगी देत नाही."

मला वाटलं आता आबा भडकणार. पण त्यानं मान डोलावली. अक्कांच्या जागी तो असता तर त्यानंही दिली नसती असं म्हणाला, उठला, जोडे घातले आणि फाटकाबाहेर जाऊन भिंतीला टेकून बसला. मुराळी रिकाम्या हातानं उंबरठा सोडत नाही. एकदा मुलगी न घेता वळला की तिला धाडायला नकार मिळाला असा त्याचा अर्थ होतो, आणि मग घराघरांत वितुष्ट येतं. म्हणून तो बसून राहतो. आबा एकदा मुकटीच्या एका घरापुढं दीड दिवस बसला होता, असं गावात सांगत.

अक्का म्हणाल्या की पारोळ्याला जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीबरोबर चिठ्ठी धाडू, उद्या तुझे वडील येऊन तुला घेऊन जातील. मी त्यांना नानाची अट सांगितली. मुराळी हात हलवत परतला तर पुढं कोण आलं याला काही अर्थ उरणार नव्हता. नाना म्हणणार, त्यांनी पोर धाडली नाही, ट्रंक आणा. परीक्षा तोंडावर आली होती आणि माझी शाळा त्या भिंतीपाशी बसलेल्या म्हाताऱ्याच्या उठण्या-बसण्यावर लटकली होती. भिंत चढून पळून आबाच्या गाडीत बसावं असंही मनात येऊन गेलं. पण मग इथून नाव कमी. तिकडून नाना, इकडून अक्का. दोघंही माझी इतकी काळजी घेत होते की माझा जीव गुदमरायला लागला. मी अक्कांपुढं रडले. अगदी नाक वाहीपर्यंत रडले.

अक्कांनी मला त्यांच्या पदराला नाक पुसू दिलं, एरवी त्या असलं काही चालवून घेत नसत. "झुंबर," त्या म्हणाल्या, "तुझी शाळा सुटली तर मला फार वाईट वाटेल. पण तू सुखरूप घरी असशील. मी एकदा हातची गेलेली मुलगी पाहिली आहे." एवढं बोलून त्या वह्या तपासायला बसल्या.

दुपार चढली. धुळ्याचं वैशाखातलं ऊन ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. समोर धनसिंग लोहाराचा भाता चालू होता तेवढाच आवाज. धनसिंगानं आपण होऊन बैल सोडून नेले, त्यांना पाणी पाजलं आणि आपल्या लिंबाखाली बांधले. आबा काही जागचा हलला नाही. बारा वाजेपर्यंत त्याच्या मडक्यातलं पाणी संपलं होतं. कुंदाबाई तांब्या घेऊन गेली, त्यानं हात जोडले.

"आंडेरना घरनं पानी पेतस नई."

आंडेर म्हणजे मुलगी. कुंदाबाई मूळची नाशिककडची, तिला हे काही समजेना. माणूस तहानेनं मरेल पण पाणी पिणार नाही हा कोणता धर्म, म्हणून ती आबाला ऐकू जाईल अशी बडबडत आत आली. एक वाजता तिनं कैरीचं पन्हं नेऊन पाहिलं. दोन वाजता अक्कांनी सांगितलं म्हणून ताक नेलं. दोन्ही परत आलं. आबाच्या ओठांवर पांढरे पापुद्रे धरले होते आणि त्यानं पागोटं सोडून डोळ्यांवर ओढून घेतलं होतं. मी फाटकाच्या आतून त्याला म्हटलं, हे सासर नाही, ही शाळा आहे, इथलं पाणी चालतं. तो म्हणाला, पोर जिथं राहते ते पोरीचं घर. वर त्यानं मला आत जाऊन सावलीत बसायला सांगितलं.

अक्का वरच्या खिडकीत बसून वह्या तपासत होत्या. मी त्यांच्या समोरच जमिनीवर बसले होते. बराच वेळ त्यांच्या हातातलं पान उलटलं गेलं नाही. शेवटी त्यांनी टाक खाली ठेवला, डोक्यावरून पदर घेतला आणि खाली उतरल्या. मी मागोमाग. फाटकातून बाहेर पडून, आबाकडं न बघता, त्या सरळ रस्ता ओलांडून धनसिंगाच्या घरात गेल्या. आतून धनसिंगाच्या बायकोचा आवाज आला, लोट्याचा आवाज आला. मग त्या बाहेर आल्या ते हातात लोहाराचा पितळी लोटा घेऊन. रस्त्याच्या मधोमध सांडू नये म्हणून जपून चालत आल्या आणि आबापुढं उभ्या राहिल्या.

"हाई लोहारना घरनं पानी शे, आबा," त्या म्हणाल्या. "आंडेरना घरनं नई. प्या."

अक्कांच्या तोंडून आमच्या गावचं बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं. आबानं डोळ्यांवरचं पागोटं वर केलं, त्यांच्याकडं पाहिलं, दोन्ही हातांनी लोटा घेतला आणि एका दमात रिकामा केला. मिशा पुसल्या. मग तो विहिणीशी बोलावं तसा नव्हे, घरच्या पोरीशी बोलावं तसा बोलला.

"तुमनं माहेर कोनतं, बाई?"

"शिंदखेडाकडलं."

"लेवाले कोन येस?"

अक्कांनी रिकामा लोटा परत घेतला आणि त्याचा काठ पदरानं पुसायला लागल्या. तो काठ आधीच लखलखत होता.

"कोनी येस नई."

"किती वरीस?"

"सतरा वरीस व्हई गयात."

आबानं गुडघ्यावर हात टेकून उठून उभं राहण्याचा प्रयत्न केला. पाय आखडले होते, म्हणून भिंतीला धरलं.

"मंग चाला," तो म्हणाला. "गाडीमा जागा शे."

अक्का हसल्या. असं कसं येता येईल, बोर्डिंग कोण बघेल, असं काहीसं त्यांनी स्वच्छ पुणेरी बोलीत म्हटलं. आबानं विचारलं, आत किती मुली आहेत? एकच होती, ती म्हणजे मी. अक्का लोटा द्यायला धनसिंगाकडं गेल्या आणि त्या घरात जरा जास्तच वेळ थांबल्या. परत आल्या तेव्हा डोळे लाल होते. पण भात्याच्या धुरानं तेवढे होतातच, आणि मी काही विचारायच्या भानगडीत पडले नाही.

"झुंबर, सातवा नियम म्हण," त्या म्हणाल्या.

मला वाटलं आता शिक्षा. मी सुरू केलं. मुलीला न्यायला तोच माणूस येईल ज्याचं नाव रजिस्टरात लिहिलेलं आहे, त्याच्याशिवाय किंवा अक्कांच्या स्वतःच्या सोबतीशिवाय... आणि नेहमीच्या जागी अडखळले. या वेळी अडखळले ते विसरले म्हणून नव्हे.

"पुढं म्हणायची गरज नाही," अक्का म्हणाल्या. "आज निघालो तर वाटेत अंधार पडेल. उद्या पहाटे निघू."

त्या रात्री आबा धनसिंगाच्या पडवीत झोपला, त्याच्याच घरचं जेवला आणि त्याच्याच घरचं तीन लोटे पाणी प्याला. पहाटे दमणी फाटकाशी आली तेव्हा अक्का पिशवी घेऊन तयार होत्या. गाडीत बसल्यावर त्यांनी आबाला सगळा रस्ता तोंडपाठ म्हणायला लावला: कुठं थांबणार, किती वेळ, दिवेलागणीच्या आत पोचणार की नाही. आबानं न चिडता सगळं म्हटलं. मला उगाच बरं वाटलं, घोकंपट्टी करणारी मी एकटीच नव्हते.

दुसरा नियम फागण्यालाच मोडला. आबाची एक लेक धुरपदाबाई रस्त्यावरच वाट बघत उभी होती. आबा येता-जाता तिथं थांबतो हे तिला ठाऊक होतं. तिनं गरम भाकरी आणि लसणाची चटणी अक्कांच्या हातात कोंबली आणि बापाचं नाव, गावाचं नाव, किती भाऊ, किती बहिणी, असं सगळं एका श्वासात विचारून घेतलं. तिसरा नियमही तिथंच गेला. मुकटीला दोघी लेकी निघाल्या. एकीनं ताक आणलं, एकीनं काकड्या. आबा मात्र सगळीकडं आपल्या मडक्यातलं कोमट पाणी पीत बसला. तिसऱ्या गावी अक्का मला म्हणाल्या की त्यांनी अकरा नियम केले, पण या माणसानं नुसत्या लेकी पोचवून अख्खा रस्ता राखून ठेवलाय. मी म्हटलं, मग नियम कमी करा. त्या म्हणाल्या, सगळ्यांकडं झुलाल आबा नसतो.

उन्हं कलायच्या सुमाराला बैल संथ चालत होते आणि आबा समोर बसून पेंगत होता, तेव्हा अक्कांनी आपणहून सांगितलं. नवव्या वर्षी लग्न झालं, तेराव्या वर्षी कपाळ पुसलं गेलं. आई होती तोवर दर आखाजीला मामाला मुराळी म्हणून धाडायची. आई गेली, थोरल्या भावानं पुण्याच्या आश्रमात शिकायला ठेवलं, तो खर्च पोचता करत राहिला, पण शिकलेल्या विधवा बहिणीला झोके खेळायला आणायचं कसं, हे त्याला कधी सुचलं नाही. त्यांनाही कधी विचारवलं नाही. हे सगळं त्यांनी आमच्या बोलीतच सांगितलं, आणि सांगताना त्या मला माझ्या मोठ्या बहिणीसारख्या वाटल्या. मी त्यांचा हात धरला. तोवर मी त्यांच्या छडीशिवाय त्यांचं काही धरलं नव्हतं.

गावात शिरलो तेव्हा उजेड होता. नाना वेशीपाशीच उभा होता, वडील त्याच्या मागं. नानानं गाडीतून मी उतरताना बघितलं आणि त्याच्या तोंडावरचा ताण उतरला. मग अक्का उतरल्या. नानाला क्षणभर काही समजेना. मुलीसोबत तिची सासू आखाजीला आली, असं तिन्ही लोकांत कधी झालं नव्हतं. तो घाईघाईनं पागोटं सारखं करायला लागला आणि येहीनबाई म्हणून रामराम घालायला वाकला. आबा बैलांच्या माना सोडवत होता, त्यानं तिकडूनच सांगितलं.

"येहीन नई, नाना. लेक शे."

नाना अर्धवट वाकलेला तसाच थांबला. त्यानं अक्कांच्या पांढऱ्या पातळाकडं पाहिलं, मग त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. त्याला कुणाची आठवण झाली हे आम्हा घरच्यांना सांगायची गरज नव्हती. तो सरळ झाला आणि आईला हाक मारून म्हणाला की पाय धुवायला पाणी आण, पोरी उन्हातून आल्या आहेत. पोर नव्हे, पोरी. ट्रंकेचा विषय त्या दिवशीच काय, पुन्हा कधी आमच्या घरात निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या वावरातल्या चिंचेला झोका बांधला. गावातल्या सगळ्या लेकी जमल्या, आणि अक्का खोडाला टेकून लांब उभ्या राहिल्या. एक-दोन म्हाताऱ्यांनी कुजबुज केलीच. माझी आई कमरेला पदर खोचून अक्कांपाशी गेली, त्यांच्या दंडाला धरून त्यांना ओढत आणलं आणि फळीवर दाबून बसवलं.

"बठा ना, अक्का," ती म्हणाली. "झोका कोनले काई विचारस नई."

मग तिनं कुणाकडं न बघता असा धक्का दिला की अक्कांचा पदर वाऱ्यावर गेला. पहिल्या दोन हेलकाव्यांना त्यांनी दोर घट्ट धरून डोळे मिटले होते. तिसऱ्याला त्या हसल्या, चौथ्याला कुणीतरी सुरू केलेल्या गाण्याची पुढची ओळ त्यांनीच म्हटली. त्यांना सगळी गाणी येत होती. मी खाली उभी राहून बघत होते आणि मला इतका आनंद झाला होता की मी चार दिवस एकाही मुलीशी भांडले नाही.

पाचव्या दिवशी आबानं आम्हा दोघींना धुळ्याला पोचतं केलं. अक्कांनी परतल्यावर पहिलं काम काय केलं, तर माझ्या नावापुढं वडिलांना सही करायला पुन्हा बोलावून घेतलं आणि दुसरं नाव म्हणून झुलाल आबाचं नाव लिहवून घेतलं. नियम तो नियम. मी परीक्षा पास झाले, आणि पावसाळ्यानंतर पारोळ्याच्या मुलींच्या शाळेत मला मास्तरीण म्हणून घेतलं. रोज घरून दमणीनं जायचे, दमणीनं यायचे. नानानं त्यालाही एक माणूस नेमून दिला होता.

पुढच्या वर्षीची आखाजी जवळ आली. त्या वर्षी आमच्या गावातली एकही मुलगी धुळ्याला नव्हती, ना सासरी, ना बोर्डिंगात. तरी तीन दिवस आधी सकाळी आबानं चाकांना वंगण घातलं, मडकं भरून गाडीला बांधलं आणि बैल बाहेर काढले. ओट्यावर नाना बसला होता. त्यानं विचारलं की यंदा तिकडं कुणाला आणायला निघालास?

"आपली लेक शे ना तठे," आबा म्हणाला.

नानानं मान डोलावली आणि घरात जाऊन आईला सांजोऱ्यांची दुरडी लवकर भरायला सांगितलं.